गाळातील साक्षीदार : जेफ्री एग्लिंटन यांचे संशोधन



शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने एका रसायनशास्त्रज्ञाविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु जुन्या पोथ्या ताडून मूळ पाठ ठरविणे हे आमचे काम, आणि समुद्रतळीच्या गाळातून गतकाळाचे हवामान वाचणे हे त्यांचे. दोहोंपुढे प्रश्न एकच असतो : हाती आलेल्या साक्षीवर कितपत विसंबावे?

जेफ्री एग्लिंटन यांचा जन्म १९२७ साली वेल्समधील कार्डिफ येथे झाला. मँचेस्टरला शिक्षण झाल्यावर त्यांनी ग्लासगो येथे आणि पुढे ब्रिस्टल विद्यापीठात संशोधन केले. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी १९३०च्या दशकात खनिज तेलात हरितद्रव्याचे अवशेष ओळखले होते. सेंद्रिय भूरसायनशास्त्राचा तो पाया. त्यावर इमारत उभारणाऱ्यांत एग्लिंटन अग्रभागी होते.

त्यांचा आरंभीचा विषय पाहिला तर अगदी साधा : पानावरील मेण. अळूच्या पानावरून पाण्याचा थेंब घरंगळतो, तो याच मेणामुळे. या मेणात कार्बनच्या लांब साखळ्या असतात आणि त्यांत २७, २९, ३१ अशा विषम संख्यांचे प्राबल्य असते. पान कुजते, पण मेण सहजी नष्ट होत नाही. वाऱ्याबरोबर आणि नदीच्या पाण्याबरोबर ते समुद्रात जाऊन गाळात विसावते. १९६७ साली हॅमिल्टन यांच्यासह लिहिलेला त्यांचा पर्णमेणावरील लेख आजही आधारभूत मानला जातो.

१९६९ साली अपोलो ११ने चंद्रावरची माती आणली. तिची तपासणी करणाऱ्यांत ब्रिस्टलचा गटही होता. जीवसृष्टीची खूण मिळाली नाही. पण माणसाच्या बोटांचा अंशदेखील नमुन्यात मिसळू नये, यासाठी घ्यावी लागलेली दक्षता या शास्त्राचे मर्म सांगते. वाचकाने आपलेच अक्षर पोथीत घुसडू नये, ही ती दक्षता.

पुढचा टप्पा १९८६चा. समुद्रातील काही सूक्ष्म शैवले ३७ कार्बनांची आल्कीनोन नावाची संयुगे तयार करतात. पाणी थंड असेल तर तीन दुहेरी बंध असलेल्या रेणूंचे प्रमाण वाढते. उबदार असेल तर दोन बंधांच्या रेणूंचे. ब्रासेल, एग्लिंटन आणि सहकाऱ्यांनी अटलांटिकच्या गाळातील हे प्रमाण मोजले आणि ते सूक्ष्म कवचधारी जीवांच्या कवचांतील ऑक्सिजनच्या नोंदींशी ताडून पाहिले. हिमयुगांचे चढउतार दोन्हींत दिसले. जणू दोन स्वतंत्र पोथ्यांचा पाठ जुळला! अर्थात मर्यादाही आहे. पाणी सुमारे २८ अंशांहून अधिक तापले की हे मोजमाप जवळपास मुके होते.

आता आपल्या नदीकडे वळू. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून नांदेडवरून तेलंगणात उतरणारी गोदावरी आपल्यासोबत पानांचे मेणही वाहून नेते. तिच्या मुखाबाहेरील समुद्रतळातून काढलेल्या गाळाचा अभ्यास पाँटन, जिओसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. त्या सहकाऱ्यांत टिमथी एग्लिंटन हे जेफ्रींचे पुत्र होते. ज्वारी-बाजरीच्या वर्गातील वनस्पती आणि बहुतेक वृक्ष यांच्या मेणातील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते. त्यावरून असे दिसले, की सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून या खोऱ्यात कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पतींचा वाटा वाढत गेला, आणि सुमारे १७०० वर्षांपूर्वीनंतर तो तसाच टिकून राहिला.

गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी दायमाबादची ताम्रपाषाणयुगीन वस्ती याच दीर्घ कालखंडात नांदून ओस पडली. म्हणून ती कोरड्या हवेनेच उठविली, असे म्हणण्याची घाई मात्र नको. मेण वनस्पतींविषयी बोलते. माणसे गाव का सोडून गेली, हे ते सांगत नाही.

मग याचा आपणांस उपयोग काय? दुष्काळ पडला की आपण १९७२ची आठवण काढतो. त्यापलीकडे आपली स्मृती जात नाही. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. म्हणजे खात्याच्या नोंदी दीडशे वर्षांच्याच. धरणे आणि पाणीवाटपाचे करार आपण एवढ्याच हिशेबावर करतो. गाळ पुढील वर्षाचा पाऊस सांगणार नाही. परंतु आपल्याला परिचित असलेला पाऊस म्हणजे या खोऱ्याचा कायमचा स्वभाव नव्हे, एवढे तो निश्चित बजावतो.

एग्लिंटन यांना १९९७ साली रॉयल मेडल आणि २००८ साली डॅन डेव्हिड पारितोषिकात वाटा मिळाला. २०१६ साली ते निवर्तले. पानावरील मेण मोजणाऱ्या तरुणाला त्यातून कोणत्या नदीचा इतिहास उलगडेल, हे तेव्हा कोणी सांगू शकले नसते. म्हणून येथील शिक्षकांना एक विनंती करतो. एखाद्या मुलाने निरुपयोगी वाटणारा प्रश्न विचारला, तर "हे परीक्षेला नाही" असे म्हणून त्याला गप्प बसवू नका. त्याच्यासह तो प्रश्न तपासून पाहा.