पेरोव्स्काइट: वीज भरपूर, पण किती दिवस?

छतावर सोलर बसवायचा विचार करणारे हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: "ते पेरोव्स्काइट का काय येतंय म्हणे, मग थांबू का?" आज त्यावरच बोलू.

पेरोव्स्काइट हे मुळात 1839 मध्ये उरल पर्वतात सापडलेल्या खनिजाचं नाव. सेलमध्ये ते खनिज नसतं. तशीच अणूंची मांडणी असलेला, शिसं, आयोडीन आणि एक सेंद्रिय घटक मिळून केलेला पदार्थ असतो. 2009 मध्ये जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने त्याचा सेल केला. कार्यक्षमता 3.8 टक्के, आणि तोही मिनिटांत बिघडायचा, कारण आतला द्रव त्या पदार्थालाच विरघळवायचा. 2012 मध्ये द्रवाऐवजी घन थर आला, आकडा 10 च्या आसपास गेला. आज तो 26 च्या पुढे आहे. सिलिकॉनवर पेरोव्स्काइटचा थर दिला, म्हणजे टँडम केला, तर 34 च्याही वर. मात्र रेकॉर्ड करणारा सेल बहुतेक वेळा नखाएवढा असतो, हे बातमीत येत नाही.

आता अडचण बघा. सिलिकॉन वितळवायला 1400 अंशांच्या वर तापमान लागतं. पेरोव्स्काइटचं द्रावण काचेवर पसरा, 100-150 अंशांवर तापवा, झाला थर. पण जे इतक्या सहज जुळतं, ते तितक्याच सहज सुटतं. दमट हवा आत शिरली की काळा थर पिवळा पडतो. पिवळा पडला की सेल गेला म्हणून समजा. उष्णतेने मिथाइलअमोनियम हा सेंद्रिय घटक निघून जातो. आणि पाणी नाही, फार उष्णता नाही, तरी नुसत्या उजेडात आयोडाइडचे आयन जागा सोडून भटकायला लागतात!

मग मिथाइलअमोनियमच्या जागी फॉर्मअमिडिनियम घातलं. ते उष्णता सोसतं, पण साध्या तापमानाला हळूहळू स्वतःच पिवळ्या, निकामी रूपात जातं. त्याला आवरायला थोडं सीझियम मिसळावं लागलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची आहे. स्फटिकाच्या पृष्ठभागावर आणि कणांच्या कडांवर काही अणू गायब असतात. तिथेच इलेक्ट्रॉन वाया जातात, आणि आयनांनाही तिथूनच पळवाट मिळते. त्या जागा योग्य रेणूंनी बुजवल्या की कार्यक्षमता आणि टिकाऊपणा दोन्ही वाढतात. गेल्या काही वर्षांतली बरीचशी मजल ही अशी डागडुजी आहे.

तरी परीक्षा बाकी आहे. पॅनेलची एक ठरलेली चाचणी म्हणजे 85 अंश, 85 टक्के आर्द्रता, 1000 तास. म्हणजे जेमतेम 42 दिवस. आपल्या कोकणात पावसाळाच चार महिन्यांचा! शिवाय दिवसा ताप, रात्री गार, हे चक्र रोजचं. सतत चालू दिव्याखाली टिकलेला सेल त्यात टिकेलच असं नाही. सिलिकॉनवाले 25 वर्षांची हमी देतात, कारण त्यांच्या पॅनेलनी छतांवर दशकं काढली आहेत.

ऑक्सफर्ड पीव्हीने 2024 मध्ये टँडम पॅनेल ग्राहकाला पाठवायला सुरुवात केली, कार्यक्षमता 24.5 टक्के. चांगलं सिलिकॉन पॅनेल त्याच्या फार मागे नाही.

तेव्हा थांबू का? नको. यंदा सिलिकॉनच बसवा. पुढेमागे कुणी पेरोव्स्काइट विकायला आलं, तर टक्के नंतर विचारा. आधी विचारा, हमी किती वर्षांची, आणि ती लेखी देता का.