रात्रीचा रकाना



स्वमग्न मुलांसाठीची परिषद पाथर्डीत भरते आणि तिचं अध्यक्षपद मला मिळतं, हा मी मोठा मान समजते. तुम्ही परिषद इथं घेतलीत, तेव्हा बोलणंही इथल्या घरांविषयीच व्हावं असं मी ठरवून आले. प्रमाणपत्रं, शाळाप्रवेश, वाचाउपचार यांवर सकाळपासून चांगली चर्चा झाली. मी बोलणार आहे ते रात्रीविषयी.

आमच्याकडे पालक येतात तेव्हा पहिली तक्रार असते, “बोलत नाही.” दुसरी असते, “एका जागी बसत नाही.” तास-दीड तास बोलणं होतं, कागद भरून होतात. मग चपला घालता घालता आई हळूच सांगते, “बाई, रात्री झोपतच नाही हो. दोनला उठतो तो उजाडेपर्यंत.” घरातली सगळ्यात जड गोष्ट अशी उंबऱ्यात सांगितली जाते, कारण आत बसली असताना तिला ती कुणी विचारलेलीच नसते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक नोंदवह्यांत खाणं, बोलणं, शी-शू, हट्ट यांचे रकाने असतात. झोपेचा नसतो.

ही अडचण थोड्याथोडक्या घरांची नाही. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत स्वमग्न मुलांपैकी निम्म्या ते ८० टक्के मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असल्याचं आढळलं आहे. कुणाला डोळा लागायलाच दोन तास लागतात, कुणी मध्यरात्री ताजंतवानं होऊन उठतं, कुणी पहाटे तीनलाच दिवस सुरू करतं. अंधार पडला की मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन पाझरू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. काही स्वमग्न मुलांत ते कमी तयार होतं, असं अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय आवाज, उजेड, अंगावरच्या कपड्याचा स्पर्श या मुलांना आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रपणे जाणवतो. बाकीच्या घराला जे ऐकूही येत नाही, त्यानं हे मूल जागं होतं.

म्हणून आज एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मूल झोपत नाही यात आईचा दोष नाही. १९६७ साली ब्रुनो बेटलहाइम यांनी आपल्या पुस्तकातून स्वमग्नतेचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडलं आणि जगभर असंख्य आयांनी ते डोक्यावर वाहिलं. त्याच्या तीन वर्षं आधी, १९६४ साली, स्वतः स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे हे साधार मांडलं होतं. शास्त्रानं ते खापर केव्हाच उतरवलं. आपल्या घरांतून ते अजून उतरायचं आहे. “हिनंच लाडावून ठेवलाय”, “हिलाच झोपवता येत नाही” हे शब्द रात्री अडीच वाजता, झोपमोड झालेल्या घरात, त्या बाईला एकटीला ऐकावे लागतात. मढीला कानिफनाथांच्या समाधीवर डोकं टेकवून येणाऱ्या, मोहटादेवीला नवस बोलणाऱ्या आईला मी कधी अडवलं नाही, अडवणारही नाही. दर्शनाला जाऊन या आणि तितक्याच श्रद्धेनं मुलाला तपासूनही आणा, एवढंच माझं म्हणणं असतं.

तपासणीचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली या मुलांच्या झोपेसाठी जो क्रम सांगितला, तो आपल्यालाही लागू आहे. आधी दुखणं शोधा, मग सवयींवर काम करा, आणि एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मेलाटोनिन. दुखणं शोधणं महत्त्वाचं अशासाठी की ज्याला बोलता येत नाही तो दाढ ठणकते, कान ठणकतो, पोट साफ झालं नाही हे सांगणार कसा? तो रात्री उठून रडतो. जंतांमुळे गुदद्वाराशी खाज सुटते तीही रात्रीच. शरीरात लोह कमी असलं की पाय स्वस्थ राहत नाहीत, मूल अंथरुणात सारखं लाथा झाडतं. जोरात घोरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी बघायला हव्यात. झोपेत एकसारखे झटके येत असतील तर अपस्माराची शंका धरून मोबाइलवर चित्रीकरण करा आणि डॉक्टरांना दाखवा. स्वमग्न मुलांत अपस्माराचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. पथकातल्या डॉक्टरांनी “रात्री झोप कशी लागते?” एवढा एक प्रश्न विचारला, तरी करंजी घाट ओलांडून नगरला नेमकं कुणाला पाठवायचं ते कळेल. आणि कृपा करून खोकल्याचं गुंगीचं औषध पाजून मुलाला झोपवू नका. ते कामाचं नाही आणि धोक्याचं आहे.

आता सवयींकडे येते. इथंच आपली आणि पुस्तकांची फारकत होते. पुस्तक म्हणतं, मुलाला स्वतंत्र, अंधारी, शांत खोली द्या. आपल्या तालुक्यातलं घर म्हणजे बरेचदा एक खोली, वर पत्रा. त्याच खोलीत चूल नाहीतर शेगडी, टीव्ही, आजोबांचा खोकला आणि पाच माणसांची अंथरुणं. दिवसभर तापलेला पत्रा रात्री निवताना ताडताड वाजतो. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असली की वडील अकराला बॅटरी घेऊन पाणी भरायला निघतात, दाराची कडी वाजते, कुत्री भुंकतात. सप्ता असेल, जागरण-गोंधळ असेल, तर भोंगा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद असावा असं ते सांगतात. आमच्या गल्लीत असं मूल आहे, कर्ण्याचं तोंड जरा तिकडं फिरवा, असं ग्रामपंचायतीला सांगायची हिंमत एकट्या आईनं का करावी? ती आपण करायची.

या एका खोलीत काय करता येईल, तर बरंच काही. एका घरात मी पाहिलं ते सांगते. सहा वर्षांचा मुलगा. आईनं जुन्या पुठ्ठ्यावर त्याच्याच वस्तूंचे फोटो ओळीनं चिकटवले होते: त्याचं ताट, त्याचा ब्रश, मोरी, त्याची गोधडी, आणि शेवटी बंद दिवा. रोज त्याच क्रमानं. एकेक गोष्ट झाली की तो स्वतः त्या फोटोवर चिंचोका ठेवी. गोधडी आजीच्या नऊवारीची, चार पदर घालून टाचलेली, चांगली वजनदार. बाजारातून आणलेलं मऊ ब्लँकेट त्यानं भिरकावून दिलं होतं. वजनदार पांघरुणाची चाचणी इंग्लंडमध्ये झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. त्यानं झोपेचा वेळ काही वाढला नाही, पण मुलांना आणि पालकांना ते पांघरूण आवडलं. तेव्हा हजारो रुपयांचं पांघरूण मागवू नका. मुलाला गोधडी आवडत असेल तर ती पुरे, फक्त ती तोंडावर येणार नाही आणि त्याला स्वतःला बाजूला सारता येईल, एवढं बघा.

त्या आईनं आणखी एक केलं, आणि माझ्या मते खरा फरक त्यानं पडला. मुलगा मोबाइलवरची गाणी बघत झोपायचा. आपण सगळेच रात्री दोन-चारदा अर्धवट जागे होतो, कूस बदलतो आणि पुन्हा झोपतो. पण ज्या मुलाचा डोळा मोबाइल हातात असताना लागतो, ते मूल दोन वाजता जागं झालं की मोबाइलच शोधतं. मिळाला नाही की आकांत, मिळाला की पहाट. म्हणून संध्याकाळच्या जेवणानंतर मोबाइल पेटीत गेला. पहिले काही दिवस फार वाईट गेले. शेजारी येऊन विचारून गेले. मुलगा साडेअकराला झोपायचा, तर सुरुवातीला तिनं त्याला साडेअकरालाच आडवं केलं. आठला अंथरुणात घालून तीन तासांची लढाई टाळली. मग दर थोड्या दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. उठायची वेळ मात्र रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. दुपारची लांब झोप बंद. आणि संध्याकाळचा कपभर चहाही बंद, जो आपल्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही बशीत ओतून मिळतो. रात्री जाग आलीच तर दिवा लावायचा नाही, खाऊ नाही, रागावणं नाही, प्रश्न नाहीत. पाठीवर हात, ठरलेले दोन शब्द, पुन्हा गोधडी. तो आता अखंड झोपतो असं मी म्हणणार नाही. पण आई सलग पाच तास झोपू लागली, आणि दिवसा आम्ही शिकवलेलं त्याच्या लक्षात राहू लागलं.

हे शिकवायला दवाखाना लागत नाही. बेथ मॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेत ८० मुलांच्या पालकांना नुसतं समोर बसवून झोपेचं शिक्षण दिलं, काहींना एकेकटं तासभर, काहींना गटात दोन-दोन तास दोनदा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झोप लागायला सरासरी ५८ मिनिटं लागत होती ती ४० वर आली. त्याआधी याच मंडळींनी पालकांना फक्त पत्रक वाटून पाहिलं होतं, त्यानं फरक पडला नव्हता. पत्रकं छापून मोकळं होण्याची आपल्या खात्यांची सवय पाहता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एक भीतीची गोष्ट. रात्री जागं झालेलं मूल घरातच राहील असं नाही. यातल्या पुष्कळ मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि आपल्याकडे घराजवळ कठडा नसलेली विहीर असते, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असतं. त्या प्लास्टिकवरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. कडी उंचावर लावा, दाराला घुंगरू बांधा, शेततळ्याला कुंपण घाला आणि पाण्यात दोर सोडून ठेवा. उन्हाळ्यात अंगणात झोपताना मुलाचं अंथरूण दोन मोठ्यांच्या मध्ये घाला. आणि वडीलमंडळी, इथं बसला आहात म्हणून सांगते, अर्धी रात्र तुमची. बारापर्यंत एकानं, बारानंतर दुसऱ्यानं. बारमाही जागणारी आई दिवसा ऊस तोडते, विळा चालवते, रस्त्यानं चालते. तिचा तोल जाणं हाही घराला धोकाच आहे.

ऊस म्हटल्यावर या तालुक्याची मुख्य गोष्ट आली. आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे, तरी इथले हजारो कोयते उचल घेऊन सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जातात. दसरा झाला की गाड्या भरतात, पाडव्याच्या आसपास परततात. स्वमग्न मुलाला रोजचं जग रोज तसंच हवं असतं, आणि आपण त्याचं सगळं जग वर्षातून दोनदा उचलून दुसरीकडे ठेवतो. पाचटाची कोपी, बाहेर ट्रॅक्टरचा उजेड, पहाटे तीनला टोळीची हाकाटी. त्या मुलानं झोपावं कसं?

दसरा तोंडावर आहे, म्हणून मला इथं काही मागायचं आहे. जाणाऱ्या मुलाचा झोपेचा क्रम महिनाभर आधी घरी बसवा आणि तोच पुठ्ठा, तीच गोधडी, तोच तांब्या गाडीत जाऊ द्या. मुकादमाला आधी सांगा, म्हणजे त्या कुटुंबाची कोपी ओळीच्या टोकाला, गाड्या भरायच्या जागेपासून लांब पडेल. मागं राहणाऱ्या मुलाचं तर फारच जपायला हवं. आई कुशीत घेऊन झोपवते आणि एका सकाळी ती नसतेच. म्हणून झोपवायचं काम आजीनं महिनाभर आधी हाती घ्यावं आणि प्रशिक्षणाला आजीलाच बोलवावं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासनानं वसतिगृहांची योजना आणली आहे. तिथल्या गृहपालांनाही या मुलांची रात्र कशी सांभाळायची ते शिकवलं पाहिजे, नाहीतर ती मुलं पहिल्याच आठवड्यात परत पाठवली जातील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. दरवर्षी सहा महिने ती गळून पडत नाही.

आणि प्रत्येक मुलाचा एकपानी कागद हवा. किती वाजता झोपतं, कशानं उठतं, कशानं शांत होतं, कोणतं औषध चालू आहे. जिथं टोळी उतरेल तिथल्या आशा ताईच्या हाती तो पडावा. तिसगाव, खरवंडी, टाकळी मानूर, मिरी इथले विशेष शिक्षक आज संध्याकाळी थांबले तर मसुदा आजच होईल. मी मुक्कामाला आहे. बसताना कोपीत हंगाम काढलेल्या दोन-तीन आया सोबत घ्या आणि पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते त्यांना ठरवू द्या.