बाईचे मत आणि टोलीचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवडणूक आली की आमच्याकडचा प्रत्येक पुढारी एक वाक्य हमखास टाकतो, "बायांचं का आहे, घरधनी सांगेल तिथं शिक्का." शिक्का जाऊन बटण आले, वाक्य मात्र तेच आहे. मी वैनगंगेकाठच्या एका तालुक्याच्या गावी बचतगटांचे काम करते. गाव लहान, तेली, कुणबी, बौद्ध, गोंड, माना असे मोहल्ले, आणि कोणता मोहल्ला कोणाचा हे चहाच्या टपरीवर आधीच ठरलेले.

या जंगलपट्टीत लोक मतदानाला जात नाहीत, असा मुंबई-पुण्याकडे एक समज आहे. २०२४ च्या लोकसभेला राज्यात सगळ्यात जास्त मतदान गडचिरोली-चिमूरमध्ये झाले, ७१.८८ टक्के. तेही मतदारसंघाच्या मोठ्या भागात सकाळी ७ ते दुपारी ३ एवढीच वेळ असताना. नक्षली भाग म्हणून वेळ कमी. पण एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. बाई पहाटे टोपली घेऊन रानात जाते, परत येऊन चूल पेटवते, मग उन्हात केंद्रावर जाऊन रांगेत उभी राहते. ३ वाजता दार बंद होते ते तिच्या दिवसाचा विचार करून ठरलेले नाही.

आता कल कोणाकडे? आमच्या मतदारसंघात २०१४ आणि २०१९ ला भाजपचे अशोक नेते निवडून आले, २०२४ ला काँग्रेसचे नामदेव किरसान. शेजारच्या चंद्रपुरात २०२४ ला प्रतिभा धानोरकरांनी सुधीर मुनगंटीवारांना २ लाख ६० हजारांवर मतांनी पाडले. सातच महिन्यांनी विधानसभेला तेच मुनगंटीवार बल्लारपुरातून जिंकले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या ६ पैकी ५ जागा भाजपकडे गेल्या. लोकसभेच्या वेळी संविधानाची चर्चा टोलीटोलीत होती. विधानसभेच्या वेळी लाडकी बहीणचे दीड हजार खात्यात आलेले होते. लगेच म्हणू लागले, बाया विकल्या गेल्या. शेतकऱ्याला कर्जमाफी मिळाली तर तो 'जागरूक मतदार', आणि बाईला दीड हजार मिळाले तर ती विकली गेली! शिवाय मतदान किती बायांनी केले हे मोजतात, पण बाईचे मत कोणाला गेले हे यंत्र वेगळे मोजत नाही. मग हे छातीठोकपणे सांगणारे कशाच्या आधारावर सांगतात?

दारूचेच घ्या. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली, ती गावोगावच्या लोकांनी, त्यात बायांनी, लढून मिळवली. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला झाली, मुनगंटीवार तेव्हा अर्थमंत्री आणि पालकमंत्री होते. २०२१ ला महाविकास आघाडीच्या सरकारने ती उठवली. बायांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, तरी पुढच्या निवडणुकांत बंदी करणाऱ्याला बक्षीस आणि उठवणाऱ्याला शिक्षा असा सरळ हिशेब दिसला नाही. याचा अर्थ बायांना दारू चालते असा नव्हे. पक्षाच्या निवडणुकीत दारूचा प्रश्न जात, धान्याचा भाव, रेशन, उमेदवाराची ओळख या सगळ्याखाली दबतो. तो सुटा विचारा, मग बघा. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे आडवी बाटली-उभी बाटली मतदानात गावातल्या एकूण नोंदलेल्या बायांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला लागतात. झालेल्या मतांपैकी निम्मी नव्हेत, नोंदलेल्या सगळ्यांपैकी. म्हणजे माहेरी गेलेली, मिरची तोडायला तेलंगणात गेलेली, नवऱ्याने घरात कोंडलेली, सगळ्या हिशेबात दारूच्याच बाजूच्या. आमदार व्हायला अशी अट असती तर विधानसभेतली किती बाके रिकामी राहिली असती!

आणखी एक गोष्ट, जिच्यावर आपल्यात फार बोलले जात नाही. मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत. आता यंत्रामुळे प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा बाहेर येतो. शहरात हजार-बाराशे मतदारांच्या गर्दीत माणूस लपतो. आमच्याकडे टोलीचे केंद्र दोन-तीनशे मतांचे, नगर पंचायतीचा वॉर्डही तसाच लहान. निकालाच्या दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता वही घेऊन येतो, "तुमच्या टोलीतून आम्हाला अकराच मतं." मग कोणाची घरकुलाची यादी अडते, कोणाच्या नळाचे काम मागे पडते. घरी नवरा विचारतो, "त्या अकरात तू होतीस का नव्हतीस?" एक मावशी मला म्हणाली, "बाई, बटण कोणाले दाबलं थे फक्त मले आन् देवाले ठाऊक होतं, आता मेंबरालेबी ठाऊक होते."

यावर उपाय सुचलेला नाही असे नाही. अनेक केंद्रांची मते एकत्र करून मोजणारे यंत्र वापरावे असे निवडणूक आयोगाने २००८ ला सुचवले, विधी आयोगानेही २०१५ ला शिफारस केली. केंद्र सरकारने ते मान्य केले नाही. कोणत्या केंद्राने किती दिले हे पक्षांना कळायला हवे असते, बूथप्रमुखाचा सगळा धंदाच त्यावर आहे.

म्हणून माझी सूचना अशी. मतदार जागृतीच्या शिबिरात आपण 'मतदान करा' एवढेच सांगतो. ते आमच्या बायांना सांगायची गरज नाही. त्याऐवजी केंद्रनिहाय आकडे एकत्र मोजण्याच्या मागणीचा ठराव प्रत्येक गटाने करावा. आणि निकालानंतरच्या महिन्यात कोणाचे घरकुल, कोणाचे रेशन, कोणाचे रोजगार हमीचे काम थांबले, त्याची नोंद वॉर्डवार ठेवावी. वही त्यांच्याकडे आहे, तशी आपल्याकडेही असू द्या. आमच्या गटाने दोन वॉर्डांत सुरुवात केली आहे, नमुना जेवणाच्या सुटीत दाखवते.