बुद्धिबळांचें पुस्तक कोणतें घ्यावें ?

डिसेंबर २०२४ मध्यें सिंगापूर येथें डी. गुकेश जगज्जेता झाला, आणि २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें बाटूमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हांपासून आमच्या परिचयाच्या घरोघरीं माळ्यावरचे पट खालीं आले आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ एक प्रश्नहि आला आहे : "मुलीला बुद्धिबळांचें एखादें चांगलें पुस्तक घ्यावयाचें आहे, कोणतें घेऊं?" विचारणाऱ्या गृहस्थांच्या काखेंत बहुधा एक जाडजूड ग्रंथ असतोच, आणि तो डावाच्या आरंभींच्या चालींचा असतो. माझी संमति तेवढी त्यांना हवी असते. ती मला देववत नाहीं, आणि कां देववत नाहीं तें, श्रोतेहो, आज सांगणार आहें.

हा मोह मला चांगला ठाऊक आहे. कॉलेजांत असतांना असाच एक ग्रंथ मीं पैदा केला होता. दोन पावसाळे त्यांतले रकाने पाठ करण्यांत गेले. पुढें एका सामन्यांत प्रतिस्पर्ध्यानें पांचव्याच खेळीला एक असें प्यादें सरकविलें कीं, तें माझ्या रकान्यांत नव्हतें. ती खेळी कांहीं उत्तम नव्हती, हें आज मला कळतें. त्या दिवशीं मात्र ती वाईट कां, हें सांगतां येईना. डाव तर हरलोंच, पण त्याहून वाईट म्हणजे नंतर चार वर्षें मीं पटाला हात लावला नाहीं. मुलांच्या बाबतींत मला भीति वाटते ती पराभवाची नव्हे, ह्या चार वर्षांची.

आरंभावरील मोठीं पुस्तकें टाकाऊ असतात असें मला म्हणावयाचें नाहीं. ग्रिफिथ व व्हाइट या दोघांनीं १९११ सालीं 'मॉडर्न चेस ओपनिंग्ज' हें पुस्तक काढलें. पुढें निरनिराळ्या संपादकांच्या हातून त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या. मुरलेल्या खेळाडूच्या तें उपयोगी पडतें. पण तो कोश आहे. मोल्सवर्थचा कोश पाठ करून मराठी बोलावयास शिकलेला मनुष्य माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

मग आरंभ कोठून करावा ? शेवटापासून. हें उत्तर माझ्या पदरचें नाहीं. क्यूबाचे कापाब्लांका १९२१ सालीं जगज्जेते झाले, आणि त्याच वर्षीं त्यांचें 'चेस फंडामेंटल्स' प्रसिद्ध झालें. तें उघडतांच पटावर बत्तीस मोहरीं दिसत नाहींत. राजा व हत्ती विरुद्ध एकटा राजा, एवढीच सामग्री दिसते. आधीं त्या एकट्या राजाला मात कशी करावी, मग प्यादें शेवटच्या घरापर्यंत कसें न्यावें, आणि आरंभाच्या चालींचा विचार त्यानंतर बऱ्याच पानांनीं. पटावर तीनच मोहरीं असलीं म्हणजे प्रत्येकाचें बळ डोळ्यांना दिसतें. बत्तीसांच्या गर्दींत तें हरवतें. शिवाय स्वतः हरलेले डावहि त्यांनीं या पुस्तकांत छापले आहेत. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यांनीं ज्यांच्याकडून जगज्जेतेपद घेतलें ते लास्कर सत्तावीस वर्षें त्या आसनावर होते. त्यांनीं आपल्या ग्रंथांत शिकाऊ माणसाच्या दोनशें तासांची वांटणी करून दिली आहे : नियमांना ५ तास, सोप्या शेवटांना ५, आरंभाच्या कांहीं चालींना १०, मोहऱ्यांच्या एकत्रित माऱ्याला २०, स्थितीच्या विचाराला ४०, आणि उरलेले १२० प्रत्यक्ष खेळ व डावांची छाननी यांना. शेवटांनाहि पांचच तास आहेत, हें खरें. पण ते आरंभाच्या आधीं आहेत. आणि आमचे गृहस्थ ज्याला सर्वस्व समजतात, त्याच्या वांट्याला विसावा हिस्सा !

दुकानांत पुस्तक हातीं घेतल्यावर आधीं चाली लिहिण्याची पद्धत पाहावी. जुन्या इंग्रजी पुस्तकांत प्रत्येक घराला दोन नांवें असत, एक पांढऱ्याकडून मोजलेलें व दुसरें काळ्याकडून. पांढऱ्याच्या राजाचें चौथें घर तेंच काळ्याच्या हिशेबानें पांचवें. हल्लींच्या मुलांना ए ते एच व १ ते ८ एवढीच खूण ठाऊक असते. कापाब्लांकांचें पुस्तक मूळ जुन्या पद्धतीचें आहे. नव्या खुणांची आवृत्ति मिळाली तरच घ्यावें, नाहीं तर मूल दुसऱ्या पानावर अडतें आणि दोष त्याच्या बुद्धीवर येतो. नंतर पान कोठेंहि उघडून चालींच्या मानानें वाक्यें किती आहेत तें पाहावें. चेर्नेव्ह यांच्या १९५७ सालच्या 'लॉजिकल चेस' या पुस्तकांत तेहतीस डाव आहेत आणि प्रत्येक खेळीचें कारण दिलें आहे. तीच खेळी पुन्हां आली तरी पुन्हां दिलें आहे. जाणत्याला हा पाल्हाळ वाटेल. घरीं एकट्यानें शिकणाऱ्या मुलाला वाटत नाहीं.

येथें कोणी सुलतानखानाचें नांव घेईल. पंजाबांतला हा खेळाडू देशी पद्धतीनें खेळत वाढला. तींत प्यादें पहिल्या चालीलाहि एकच घर पुढें जातें. तरी १९२९ सालीं त्यानें ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें, पुन्हां १९३२ व १९३३ सालीं मिळविलें, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेंत खुद्द कापाब्लांकांना हरविलें. आरंभाचें पुस्तकी ज्ञान त्याच्यापाशीं फारसें नव्हतें. हें उदाहरण सर्वच पुस्तकांविरुद्ध देण्यांत येतें. मला तें त्या काखेंतल्या एकाच ग्रंथाविरुद्धचें वाटतें.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून एक स्थिति सांगतों. पट जवळ असेल त्यांनीं मांडावी. पांढरा राजा ई ५ या घरांत, त्याचें एकुलतें प्यादें त्याच्या मागें ई ४ वर. समोर ई ७ वर काळा राजा, एकटा. खेळी काळ्याची असेल तर त्याला बाजूला किंवा मागें सरावें लागतें, पांढरा राजा पुढें शिरतो, आणि शेवटीं प्याद्याचा वजीर होतो. मोहरीं त्याच घरांत असून खेळी पांढऱ्याची असेल, तर काळ्यानें नीट खेळल्यास डाव बरोबरींत सुटतो. मुलीला यांतलें कांहीं सांगूं नका. पट मांडून एकदां तिला काळी बाजू द्या, एकदां पांढरी, आणि दुसरी बाजू आपण घ्या. केव्हां तरी ती हात आंखडून "आतां माझीच पाळी कां ?" म्हणून कुरकुरेल. पुस्तक आणावयास त्या दिवशीं निघावें.