खाना म्हणजे घर



निर्वासित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छावणी येते. मराठी माणसाला तर तिची उदाहरणंही जवळची आहेत. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी आले आणि तिचं उल्हासनगर झालं. बराकी, रांगा, शिधा. २०२२ साली दिल्लीत मी ज्या अफगाण कुटुंबांबरोबर काम केलं, त्यांच्यासाठी यातलं काहीच नव्हतं. ते भाडेकरू होते, किंवा भाडेकरू होण्याच्या खटपटीत होते.

मी इंदूरची. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात सहा महिन्यांची इंटर्नशिप होती, ती मी दिल्लीतल्या एका छोट्या संस्थेत केली. माझ्या कामाला कागदोपत्री ‘निवास साहाय्य’ असं भारदस्त नाव होतं. प्रत्यक्षात काम एकच, खोली शोधायची. लाजपत नगर, भोगल, मालवीय नगर, हौज रानी. पायांची पार वाट लागायची.

थोडं कायद्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. निर्वासितांबाबतच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही, १९६७च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतल्या तमिळ निर्वासितांचं सरकार स्वतः पाहतं. अफगाण आणि म्यानमारहून आलेल्यांची नोंदणी दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय, म्हणजे यूएनएचसीआर करतं. राज्यघटनेचं २१वं कलम परकीयांनाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे जगण्याचा हक्क आहे. पण या हक्काला पत्ता लागतो, आणि पत्ता घरमालकाच्या हातात असतो.

माझ्याकडे आलेलं एक कुटुंब सांगते. आई, दोन मुली, आठ वर्षांचा मुलगा. वडील नव्हते, कसे गेले ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. १५ ऑगस्ट २०२१ला, आपल्याकडे झेंडावंदन चालू असताना, काबूल तालिबानच्या हाती गेलं, आणि काही महिन्यांनी हे चौघं सहा महिन्यांच्या व्हिसावर दिल्लीत पोहोचले. एका ओळखीच्या कुटुंबाच्या दोन खोल्यांत नऊ माणसं राहत होती. तिथून यांना पंधरा दिवसांत निघायचं होतं.

पहिल्याच दिवशी एका मालकीणबाईंसमोर आई कळवळून म्हणाल्या, “खाना नदारेम.” मालकीणबाई भली बाई. तिने आतून दाल-चावल आणलं! दारी भाषेत ‘खाना’ म्हणजे घर. आमच्याकडे घर नाही, असं त्या सांगत होत्या. मला ते समजलं ते दवाखाना आणि कारखान्यामुळे. मराठीने अशी बरीच मदत केली. जिना, दरवाजा, पडदा, कागद हे शब्द त्यांचेही तेच. थोरली मुलगी सिनेमांवर हिंदी शिकलेली, तिचं व्याकरण थेट डायलॉगमधलं होतं. जेवण झालं. खोली मात्र मिळाली नाही.

नकार देणारे दुष्ट असतात, असं समजून मी दिल्लीत गेले होते. तसं फार थोड्या वेळा दिसलं. लाजपत नगर मुळात १९४७च्या निर्वासितांसाठी वसवलेली वसाहत. तिथल्या एका काकांचे वडील फाळणीत पश्चिम पंजाबातून आलेले. भिंतीवर वडिलांचा फोटो, बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी. आणि तरी नकार. मी जरा चिडूनच विचारलं, तर म्हणाले, “बेटा, आम्हाला सरकारने जागा दिली होती. हिला मी दिली, तर ठाण्यात मला बोलावतील.”

यावर मी बरेच दिवस विचार केला. काकांना अफगाणांची भीती नव्हती, पोलीस ठाण्याची होती. भाडेकरूची पडताळणी मालकाने करून घ्यायची. केली नाही तर गुन्हा त्याच्यावर. भाडेकरू परदेशी असेल तर तेव्हा चोवीस तासांच्या आत ‘फॉर्म सी’ भरून परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला कळवावं लागायचं. हा फॉर्म ऑनलाइन, इंग्रजीत, आणि त्यासाठी आधी मालकाने स्वतःची नोंदणी करायची. सत्तरीच्या माणसाला हे सांगितलं की तो सरळ म्हणतो, खोली दिली गेली. माझ्या मते दिल्लीतले निम्मे नकार या फॉर्मच्या पोटी जन्मायचे. हा माझा अंदाज, पाहणी कुणी केलेली नाही.

त्यात एक हिशेबही जुळत नाही. भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षाच्या पुढचा करार रीतसर नोंदवावा लागतो. व्हिसा सहा महिन्यांचा. भोगलमधल्या हार्डवेअरच्या दुकानदाराने, ज्यांची वरची खोली रिकामी होती, बोटांवर मोजून मला विचारलं, “पुढचे पाच महिने मी कुणाला ठेवलं, असं लिहू?”

मग तोडगाही त्यांनीच काढला. “करार तुझ्या नावावर कर. तू आपली आहेस, आधार आहे. राहू देत ते.”

पंधरातले अकरा दिवस संपले होते. आई माझ्याकडे बघत होत्या. थोरलीने भाषांतर केल्यावर त्यांचा चेहरा उजळला, आणि मी नाही म्हटलं. संस्थेचा नियम तसा होता, पण मी काही केवळ नियमापोटी नाही म्हटलं नाही. कागदावर मी राहणार, म्हणजे कागदावर त्या कुठेच राहणार नव्हत्या. मुलाला शाळेत घालताना, व्हिसाची मुदत वाढवताना, बँकेत, दवाखान्यात जो पत्ता दाखवायचा, तो माझा झाला असता. सहा महिन्यांनी मी इंदूरला गेले असते आणि त्या एका अनोळखी मुलीच्या घरात बेकायदा राहणाऱ्या ठरल्या असत्या.

हे मी समजावलं. आईंना पटलं नाही. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाईला पुढच्या वर्षाच्या कागदाचं महत्त्व सांगणं किती विचित्र असतं, ते मला तेव्हा कळत होतं. तरी आजही मी तेच करेन.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात गेले. पडताळणीचा अर्ज घेऊन, लॅपटॉप घेऊन. खिळे मोजता मोजता त्यांची नोंदणी केली. करारात एक कलम घातलं की व्हिसा वाढवण्याच्या अर्जाची प्रत मालकाला दिली जाईल आणि मुदतवाढ नाकारली गेली तर महिन्याच्या नोटिशीवर खोली रिकामी होईल. आईंच्या नावाने करार झाला. मालकांनी भाडं दीड हजाराने वाढवलं, सब-मीटरचा युनिटचा दरही चढा लावला. संत नव्हते ते. पण ठाण्यात माझ्याबरोबर आले, दोन तास बाकावर बसले, आणि दुसऱ्या खेपेला मी न सांगता आले.

सामानाची संस्थेची एक ठरलेली यादी होती. बादली, मग, पंखा, पाच किलोचा सिलिंडर, दोन खाटा. खाटा परत गेल्या. त्यांना हवे होते तोशक, भिंतीला लागून घालायच्या गाद्या, आपल्या लोड-गादीसारख्या. त्यावरच बसायचं, जेवायचं, रात्री तिथेच झोपायचं. आणि प्रेशर कुकर, मोठा. यादी बनवणाऱ्याने कुणाला विचारलं नसणार.

सामान चढवायला आलेल्या एका वयस्क अफगाण शेजाऱ्यांनी मला गाव विचारलं. मूळ महाराष्ट्र म्हटल्यावर ते हसून म्हणाले, “पानिपत!” ज्याला ते ‘अहमदशाह बाबा’ म्हणतात, त्या अब्दालीचं नाव आपण कुठल्या सुरात घेतो, ते मी सांगितलं नाही. त्यांनी कुकर वर नेला, मी तोशक.

मी इंदूरला परतल्यावर काही महिन्यांनी हार्डवेअरवाल्यांचा फोन आला. मला वाटलं, काहीतरी बिनसलं. ते म्हणाले, गच्चीवरची खोली आणखी एका काबूलच्या कुटुंबाला देतोय, फॉर्म सी भरायला बसलोय, पण फोटो काही चढत नाहीये. फोटो लहान कसा करायचा, ते मी फोनवर सांगितलं. वीस मिनिटं लागली.