ॲडमिरल गॉडफ्रे आणि १९४६ चा फेब्रुवारी



पनागरहून जबलपूरला नित्य ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल की २७ फेब्रुवारी १९४६ रोजी तेथील लष्करी सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील सुमारे १७०० सैनिक बराकी सोडून बाहेर पडले होते. समुद्रापासून इतक्या दूर पडलेली ही ठिणगी मुंबईच्या आरमारातून आली होती आणि त्या आरमाराचे प्रमुख होते ॲडमिरल जॉन हेन्री गॉडफ्रे.

१८८८ साली जन्मलेले गॉडफ्रे पहिल्या महायुद्धात दार्दानेल्सच्या मोहिमेत होते. पुढे ‘रिपल्स’ या युद्धनौकेचे ते कप्तान झाले. १९३९ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. इयान फ्लेमिंग हे त्यांचे साहाय्यक. जेम्स बाँडचा वरिष्ठ ‘एम’ गॉडफ्रे यांच्यावरूनच बेतला, असे मानले जाते. ही गंमत बाजूला ठेवू. त्यांचे खरे काम निराळे होते. बातमी देणारा किती विश्वासू आणि बातमी स्वतः किती विश्वसनीय, हे वेगवेगळे तोलण्याची शिस्त त्यांनी विभागाला लावली. स्वभाव मात्र तापट, सहकाऱ्यांशी पटेना. १९४२ च्या अखेरीस ते पद सुटले आणि १९४३ मध्ये ते हिंदुस्थानी आरमाराचे प्रमुख झाले.

शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या या अधिकाऱ्याला स्वतःच्या खलाशांचे मन मात्र उमगले नाही. निकृष्ट जेवण, गोऱ्यांच्या मानाने तुटपुंजा पगार, अधिकाऱ्यांच्या शिव्या, या तक्रारी काही लपलेल्या नव्हत्या. डिसेंबर १९४५ मध्येच कुलाब्याच्या ‘तलवार’ या सिग्नल शाळेच्या भिंतींवर ‘जय हिंद’ आणि ‘क्विट इंडिया’ उमटले होते. भिंतीवरच्या बातमीला आणखी कोणती पारख हवी होती?

१८ फेब्रुवारीला ‘तलवार’वर संप झाला आणि तो कराचीपर्यंत पसरला. २१ तारखेला गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून बजावले, की सारे आरमार नष्ट करावे लागले तरी सरकार आपले पूर्ण बळ वापरील. दुसऱ्या दिवशी गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला. परळला कमल दोंदे या गोळीला बळी पडल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला खलाशांनी शरणागती पत्करली.

मुंबई शांत झाली आणि जबलपूर उठले. येथील सैनिकांच्या मनात तोच पगार, तेच जेवण, तीच अवहेलना होती. मुंबईच्या गोळीबाराचा संतापही होता. पुढे न्यायमूर्ती फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आरमारातील या साऱ्या कारणांची रीतसर चौकशी केली. तोवर गॉडफ्रे यांच्या जागी व्हाइस ॲडमिरल माइल्स आले होते.