रेंज गावठाणात नको, बांधावर मोजा
(पनवेल येथील कार्यकर्ता बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावे.)



आपण बरेच जण नांदेड-पनवेल गाडीने रात्रभर प्रवास करून इथे आलो. वाटेत एक गोष्ट सगळ्यांनीच पाहिली. परभणी, लातूर, कुर्डुवाडी, स्टेशन आले की फोन लागायचा. स्टेशन मागे पडले की आवाज तुटायचा. घाटातल्या बोगद्यांत फोन मुका झाला आणि पनवेलला उतरल्यावर पुन्हा बोलू लागला. आज सकाळी आम्ही काही जण कर्नाळ्याच्या बाजूला जाऊन आलो. महामार्गावर रेंज भरपूर होती. डोंगराआड शिरलो तशी ती घसरत गेली. टॉवरच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की मागे सावली पडते. मुंबईच्या दाराशी ही स्थिती, तर आपल्या माळरानावर काय असणार?

कोणी म्हणेल, कापूस-ज्वारीवाल्यांना रेंजचे काय कौतुक? २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आली. फोटो शेतात उभे राहून काढायचा. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी मागितली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ज्याची नोंद हुकली, त्याला व्यापारी देईल तो भाव. म्हणजे पाऊस, बोंडअळी यांच्या जोडीला आता रेंजही आपल्या पिकाचे दाम ठरवू लागली.

सरकार म्हणते, गावे जोडली. २०२२ च्या जुलैत केंद्राने २४,६८० वंचित गावांना फोर-जी देण्यासाठी २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. चांगले झाले. पण गाव जोडले म्हणजे गावठाण जोडले, शिवार नव्हे. दूरसंचार नियामकाची, म्हणजे 'ट्राय'ची, तपासणीची गाडी मुख्यतः शहरांतून, महामार्गांवरून, रेल्वेमार्गावरून फिरते. ती आपल्या पाणंद रस्त्याने कशाला येईल? तेव्हा आपले शिवार आपणच मोजले पाहिजे.

मोजायचे कसे? फोनवरच्या काड्यांवर भरवसा ठेवू नका. किती रेंजला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या मनाने ठरवतो. बहुतेक फोनांत सेटिंगमध्ये 'अबाउट फोन', त्यात 'सिम स्टेटस' उघडले की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो. फोर-जीसाठी ढोबळ हिशोब असा: उणे ९० पर्यंत चांगला, उणे १०० ला काम चालते, उणे ११० च्या खाली फोटो जाता जात नाही. आणि आकडा दहाने घसरला की ताकद दहाव्या हिश्शावर येते. उणे ८० आणि उणे ११० यांत तीसचा नव्हे, हजारपटीचा फरक आहे.

आपण मातीचा नमुना कसा घेतो? एकाच जागी खड्डा खणत नाही. नागमोडी चालत सात-आठ ठिकाणची माती घेतो. झाडाखालची, उकिरड्याजवळची टाळतो. रेंजही तशीच मोजा. फक्त देवळाच्या पारावर नको. विहीर, वस्ती, नाल्याकाठ, टेकडीमागचा गट, प्रत्येक जागी तीन वेळा आकडा घ्या. सकाळी घ्या आणि रात्री आठलाही घ्या. ज्वारी डोक्याएवढी वाढल्यावर पुन्हा घ्या, कारण ओला पाला लहरी शोषतो. गट नंबर, तारीख, वेळ, सिमची कंपनी आणि आकडा, एवढे पाच रकाने वहीत पुरे.

आकडा चांगला असून नेट चालत नसेल, तर रोग वेगळा. एकाच टॉवरवर माणसे फार झाली, किंवा टॉवरला जाणारी वायरच कमी ताकदीची. त्यासाठी ट्रायच्या 'मायस्पीड' ॲपवर वेगही मोजा. वीज गेली की रेंज जात असेल तर टॉवरची बॅटरी थकलेली. तीन रोगांना एकच औषध लागू पडत नाही. म्हणून तक्रारीत "रेंज नाही" एवढेच लिहू नका, रोग लिहा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांप्रमाणे कुठे सेवा मिळते, याचा नकाशा प्रत्येक कंपनीला आपल्या संकेतस्थळावर दाखवावा लागतो. तो नकाशा उघडा, शेजारी आपली वही ठेवा. नकाशात रंग आहे आणि बांधावर रेंज नाही, तर तेच आपले हत्यार. कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा. ग्रामसभेत ठराव करा आणि त्याला वहीची पाने जोडा.

तोवर निभावायचे कसे? जागा दाखवणारे जीपीएस उपग्रहावरून चालते, त्याला टॉवर लागत नाही. रेंज लागते ती माहिती पाठवायला. तेव्हा उंचवटा शोधा. पाखरे हाकायला ज्या माळ्यावर चढतो, त्याच माळ्यावरून फोनही लागतो, हे आपल्या पोरांनी केव्हाच हेरले आहे.

पण हमीभावासाठी शेतकऱ्याने माळ्यावर चढून हात उंच करून उभे राहावे, हे आपल्याला मान्य आहे काय? नसेल, तर पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक वही घेऊन यावे. रिकाम्या हाताने येऊ नये.